अंतरपाटाचं दुसरं टोक

एक टोक रंगूमामाच्या हातात होतं,
दुसरं माझ्या.
लग्न कंपूच्या मैदानात, कारण दौलतगंजच्या
एकाही कार्यालयात तो बसला नसता.
उभा तर नाहीच नाही.

हळद चार पोती लागली.
बायकांनी चुन्याचे कुंचले घेतले, शिडी लावली,
गुडघ्याशी पोचल्यावर म्हणाल्या,
पुरे, शकुनापुरतं झालं.
गर्दे भटजींनी मान वर करून गोत्र विचारलं.
वरून उत्तर यायला जरा वेळ लागला.
"दगड."
भटजींनी पंचांग उघडलं, मिटलं,
"काश्यप म्हणू या," असं पुटपुटले.

उरवाईच्या चढावर ताईची चप्पल तुटली होती
आणि ती त्याने करंगळीच्या नखावर ठेवून
परत दिली होती.
द्वारकाताईने घरात सांगितलं ते एवढंच.
आई रात्रभर रडली, पण हिशेबाने:
भाकऱ्या किती,
परात कुठून आणायची.

अंतरपाट त्याच्या नडगीच्या निम्म्यावर.
अलीकडे ताई, मुठीत तांदूळ, समोर नुसतं कापड.
पलीकडे तो, ज्याला ती दिसणार,
मांडव दिसणार, बाडा दिसणार,
मुरारच्या वाळवणांपर्यंत सगळं.
माझे हात भरून आले होते. वाटलं, कशाला धरतोय आपण हे,
आणि मी वर पाहिलं.

त्याने डोळे मिटले होते.
आठही मंगलाष्टकं घट्ट,
लहान मूल औषध पिताना मिटतं तसे.
कुणी सांगितलं होतं त्याला?
तिथवर कुणाचा आवाज पोचत होता?
(माझ्या लग्नात मी टाचा उंचावून
पाहून घेतलं होतं.
सगळेच पाहतात.)

सप्तपदीला तो हललाच नाही.
त्याची सात पावलं म्हणजे भिंड आलं असतं.
ताईच चालली,
त्याच्या एका तळव्याच्या कडेने, टाचेपासून अंगठ्यापर्यंत,
सात.

गोष्टींत असली लग्नं टिकत नाहीत.
राक्षस मरतो, किंवा मुलगी पळून येते,
किंवा त्याचा जीव असतो पोपटात
आणि बायकोच गोड बोलून पिंजरा दाखवून देते.
लोक अजून विचारतात मला, बाजारात,
बँकेच्या रांगेत: काय, कळलं का पोपटाचं?

पोपट नाही. मी तिचं घर पाहिलंय.
जीव कुठे ठेवलाय ते मात्र त्याने
पहिल्याच रात्री सांगितलं तिला, न विचारता.

भाऊबीजेला ताई येते.
तो स्वर्णरेखेत पाय सोडून बसतो, गावाकडे पाठ करून,
पोरं घाबरू नयेत म्हणून.
नाल्याचं पाणी तेवढा वेळ तुंबतं.
ओवाळून झालं की मी हळूच विचारतो,
"सांग ना, मला तरी. कुठे?"

ती माझ्या तोंडात
अख्खा अनारसा कोंबते.