किती वेळ रडायचं

कौलांची माती तुडवताना
खडा लागला की आधी पायाला कळतं.
वेचून टाकायचा, नाहीतर भाजताना
कौल नेमकं तिथंच तडकतं.
हे मला भरमा मुकादमानं शिकवलं, खानापुरात नवीन आले तेव्हा.
पोराचं कुणी शिकवलं नाही.

पार्वतक्काचं करडू भट्टीच्या हौदात पडलं
त्या दिवशी सगळी पोरं बोंबलत पळाली.
तन्मय काठावर बसून होता,
बिस्किट भिजू नये म्हणून हात वर धरून.
मी पोचले तर म्हणाला,
"आधी पाय थांबतात, आई. कान मागनं."
ढकललं कुणी, मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.
आठ वर्षांचा आहे. एवढं आमचं जमतं.

आज्जा गेला तेव्हा पदर ओढून म्हणाला,
"किती वेळ रडायचं असतंय गे?"
माणसं जाईपर्यंत, मी म्हटलं.
रडला. शेवटची चप्पल उंबऱ्यावरनं उचलली गेली
आणि नळ बंद करावा तसा थांबला,
भाताला काय आहे विचारलं.
बायका वाटेत म्हणत गेल्या, पोर किती मायेचं.

गुरव बाईही तेच म्हणतात.
भाग्याची कंपासपेटी हरवली तर
सगळी दुपार तिच्याबरोबर शोधत होता,
तिचे डोळे पुसत होता.
पेटी माझ्या पिठाच्या डब्यात होती.
मी ती रात्री भाग्याच्या दारात ठेवून आले,
चोरासारखी.

बेळगावच्या दवाखान्यात फॉर्म कानडीत.
सिस्टर वाचत गेली, मी उत्तरं देत गेले.
खोटं बोलतो? हौदु.
मार दिला तर भीत नाही? हौदु.
जनावरांना...
हौदु, हौदु, आणि प्रत्येक हौदुत
मला तो हौदच दिसला, मातकट, गप्प.
नवरा गोव्याला भाजी घेऊन गेलेला.
चोर्ल्याच्या घाटात त्याला रेंज नाही,
असली तरी काय सांगणार होते?

डॉक्टरीण चांगली होती. मराठीत म्हणाली,
"इतक्या लहान मुलाला आम्ही नाव ठेवत नाही."
मी म्हटलं, नावं ठेवायला गाव आहे की.
ती हसली नाही. पुढच्या महिन्याची तारीख दिली.
शिक्षा कमी करा, म्हणाली,
चांगलं केलं की लगेच सांगा,
आणि जीव असलेलं काहीतरी सांभाळायला द्या, तुमच्या देखत.

म्हणून रोज तिन्हीसांजेला
आम्ही पार्वतक्काच्या शेळीला पाला घालतो.
तो काड्या मोजतो. मी त्याला मोजते.
कधी माझ्या कपाळावर बोट ठेवून म्हणतो,
"आता भ्यालीस. भुवया अशा होतात."

काल त्यानं ओठ चिमटून
करडाचा आवाज काढला,
हुबेहूब, तोच, हौदातला.
शेळी दावं तोडून धावत आली.
तो वळला, शेळीकडे नाही, माझ्या भुवयांकडे.
मी चेहरा कोरा ठेवला, कच्च्या कौलासारखा.

शेळी त्याचे हात हुंगत राहिली, बगला, खिसे.
बराच वेळ.
त्यानं हात मागे घेतला नाही.

फॉर्ममध्ये रकाना असता
तर मी हे लिहिलं असतं.