पुठ्ठा

रोज सकाळी दूध घ्यायच्या आधी
मी गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढते.
मोठ्यांच्या डायपरचा खोका, उलगडून सपाट केलेला.
एका अंगाला छापील हसरा म्हातारा,
दुसऱ्या अंगाला रात्रभरातलं तेल.
सोमवारी रुपयाएवढं.
गुरुवारी बशीएवढं.
कारखानीसांनी लिफ्टपाशी नोटीस लावली :
पार्किंग क्र. ७ च्या मालकाने
फरशीची शोभा बिघडवू नये.
फरशीला शोभा होती, हे मला तेव्हा कळलं.

अठ्ठ्याण्णव सालची झेन. रंग कागदोपत्री रुपेरी.
मागची डावी काच दोन्ही हातांनी धरून वर करायची.
माझ्या बाजूचं दार आतून उघडत नाही,
काच खाली करून बाहेर हात घालते,
स्वतःच्याच घरात चोरी करावी तशी.
आणि स्टिअरिंग डावीकडे वळलं
की हॉर्न आपोआप वाजतो.

चेंबूरच्या गार हवेच्या गॅरेजात
टाय लावलेल्या मुलाने टॅबवर बोट फिरवलं :
क्रँकचं मागचं सील, मॅडम. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.
अठरा हजार. वर कर.
पुण्याहून श्रीरंग म्हणाला, भंगारात दे ना, ताई,
किती दिवस ओढायचं जुनं?
फोन स्पीकरवर होता. नाना समोर.
नानांना ऐकू येत नाही असं आम्ही धरून चालतो.

कुर्ल्याला पाईप रोडच्या आत, गादीवाल्याला लागून
नझीर परकार. मूळचे खेडचे.
त्यांनी बॉनेट उघडलं आणि काही बोललेच नाहीत.
डिझेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन
इंजिनाला अंघोळ घातली, कानामागेसुद्धा.
फडक्याने कोरडं केलं. मग म्हणाले,
पावडर आहे का? घामोळ्याची?
होती. डॅशबोर्डच्या खणात. नानांची.

बारशाला नटवलेल्या पोरासारखं
पांढरंफटक इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं.
आम्ही तिघं वाकलेलो, मी, परकार,
आणि केळं खात त्यांचा पोरगा.
नाना पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

आधी काहीच नाही.
मग हेडच्या कडेला, डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी
पावडर करडी झाली. करड्याची काळी.
एक रेघ निघाली, सावकाश,
गिअरबॉक्सच्या खांद्यावरून, पाठीमागून,
आणि तिथेच जाऊन टपकली
जिथे टायवाल्याने बोट ठेवलं होतं.

गळतो वरचा, बदनाम खालचा, परकार म्हणाले.
उतरवला असतात ना गिअरबॉक्स,
तरी गळलंच असतं.

रबराची एक कडी. बाळाच्या बांगडीपेक्षा लहान.
जुनी काढली तर चिमटीत कडकन मोडली,
सादळायची राहून गेलेली चकली.
पंचवीस रुपये.
मजुरी तीनशे, तीही सांगताना ओशाळले.

ते हात पुसत असताना
नाना काचेतून म्हणाले,
तिसरा टॅपेट वाजतोय.

परकारांनी लांब पान्याचं टोक इंजिनाला लावलं,
दुसरं कानाला. डोळे मिटले.
बरोबर, म्हणाले, माझ्याकडे न बघता. सैल आहे, काका.
मला तो स्पीकरवरचा फोन आठवला,
तिथे, भर गॅरेजात, तेलाच्या वासात,
आणि मी उगाच पावडरचं झाकण लावत बसले.

आज पुठ्ठ्यावर एक थेंब. तुरीच्या डाळीएवढा.
हा चेंबरचा, याला राहू द्या, परकार म्हणाले होते,
एवढं सगळं घट्ट करायला गेलं की दुसरं काहीतरी तुटतं.
तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून
नानांनी हातानेच विचारलं : किती?
मी एक बोट वर केलं.

दाराची कडी बसली. काच वर जाते.
हॉर्नचं मात्र मी सांगितलंच नाही.
डायमंड गार्डनला डावीकडे वळताना तो वाजतो,
स्कूटरवाला मान वळवून शिवी देतो,
आणि नाना तळवा वर करून
त्याची माफी मागतात,
जणू गाडी तेच चालवतायत.