दोन सूत

अकरा वर्षं आपण माझ्या कागदांवर झोपलो.
गादीखाली प्लायवूड, प्लायवूडखाली छापे.
तू कूस बदललीस की खाली कुठेतरी
नीट न वाळलेली एखादी म्हैस
शेजारच्या कोऱ्या पानावर उमटायची.

या एप्रिलात म्हणालास, खण करू.
कागद आडवे मावतील असे, पाच.
मी म्हटलं, करणार कोण?
तू एसटीच्या वर्कशॉपमधला माणूस,
बसच्या पोटाखाली उताणा पडून आयुष्य काढलेला.
म्हणालास, लाकूड म्हणजे काय, लोखंडच की, जरा मऊ.
हे वाक्य पुढे महिनाभर ऐकवलं मी तुला.

धरणगावला बंद पडलेली जिनिंग मोडायला काढली होती.
सुपडूशेठनं तिचे सागवानी दरवाजे दाखवले
आणि असा भाव सांगितला की तू नुसता हसलास.
आपण उन्हात दीड तास उभे राहिलो.
मग त्याला आपली दया आली,
किंवा जेवायची वेळ झाली.
टेम्पोत फळ्या, फळ्यांवर तू.
मी पुढे, मांडीवर लोखंडी गुण्या,
आणि गुण्याखाली केळीचं पान, चटका बसू नये म्हणून.

अमळनेरला, आपल्या पत्र्याच्या पडवीत,
रंध्याच्या पहिल्या हाताला
काळ्या फळीतून मधाचा रंग निघाला.
दुसऱ्या हाताला सांध्यातून कापूस.
कुठल्या सालचा, कुणाच्या वावरातला,
सरकीसकट अडकून बसलेला पुंजका.
तू फुंकर मारायला गेलास, मी ओरडले.
काडेपेटीत आहे तो अजून.

शेजारच्या इंदुमावशी कठड्यावरून,
"अय माय, बाई व्हईसन रंधा मारस!"
दुसऱ्या दिवशी त्याच
ढलप्या मागायला आल्या, बंबासाठी.

भांडण झालं ते फटीवरून.
खण आणि चौकट, मधे जागा किती सोडायची?
मला हवं होतं घट्ट.
तू म्हणालास, दोन सूत.
दोन सूत म्हणजे झुरळांना हमरस्ता, मी म्हटलं.
हे मे महिन्यातलं लाकूड आहे, तू म्हणालास,
पंचेचाळीस डिग्रीत वाळलेलं.
श्रावणात पाणी पिऊन फुगेल, तेव्हा जाईल कुठे?
मी म्हटलं, लोखंडच की, जरा मऊ.

त्या रात्री बोललो नाही.
प्लायवूड खणांच्या तळासाठी कापलं गेलं होतं,
गादी पहिल्यांदाच नुसत्या फरशीवर.
लग्न ठरवताना मामा म्हणाले होते, सूत जुळेल.
किती सूत,
ते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी चार खण तुझ्या मापानं झाले.
पाचवा माझ्या. अर्धा सूत, तोही नाइलाजानं.
काय बसला होता तो!
ढकलला की आतली हवा
सुस्कारा टाकत बाहेर यायची.
येणाऱ्याजाणाऱ्याला मी तोच उघडून दाखवायचे.

नागपंचमीला तो अडकला.
मेण लावलं, साबण लावला,
चौकटीला पाय देऊन ओढला.
मूठ हातात आली.
तू दारात उभा होतास, बशीतून चहा पीत.
काही म्हणाला नाहीस.
ते न म्हणणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल.

आता चार खण एका बोटानं सरकतात.
कोरा कागद, ओले छापे, शाया.
चौथ्यात तुझे पाने, ते कधी शिरले कळलं नाही.
पाचव्यात सगळ्या म्हशी
आणि त्या रात्री, तू झोपल्याचं सोंग घेतलं होतंस तेव्हा,
काढलेली तुझी पाठ.
ती तू अजून पाहिलेली नाहीस.

रंधा मारतो, काल म्हणालास, दोन मिनिटांचं काम.
मी नको म्हटलं.
कार्तिकात सातपुड्याकडून कोरडं वारं सुटेल,
लाकूड आपलं आपण अंग चोरेल.
तोवर जाता-येता तू
त्या फळीवर बोटाचं पेर वाजवतोस, टक टक,
आणि क्षणभर थांबतोस,
आत कुणी राहत असल्यासारखा.