बटण

दर मंगळवारी मी जाते
विल्फ टोलहर्स्टच्या पायाची जखम धुवायला.
पोर्ट पिरीतला शेवटून दुसरा रस्ता,
मागे खाडीचा खारा चिखल, पुढे शिशाच्या कारखान्याची चिमणी,
जिला कधी कुणी दाणे टाकले नाहीत.
तिच्या पायाशी त्याने एकतीस वर्षं काढली.
आता परसात जाळीचं घर
आणि आत चाळीसएक झेब्रा फिंच.
हात त्यांना फक्त लांबून माहीत.
हात आला की अख्खी भिंत उडते.

बटण तिथलंच.
नोव्हेंबरात घरट्याखाली पडलेलं, उघडं,
शेंगदाण्याएवढं.
विल्फने ते लोकरीच्या मोज्यात ठेवलं,
मोजा बिस्किटांच्या डब्यात, डबा दिव्याखाली.
राळ्याचं पीठ, उकडलेला बलक,
आगकाडीचं बोथट टोक.
तासातासाला. पहाटे पाचपासून.
मोज्याच्या धाग्यात अडकून डाव्या पायाचं एक नख गेलं,
ते त्याला अजून लागतं.
"गळ्याच्या पातळ कातडीतून आतला घास दिसायचा," तो सांगतो,
"भूक आहे का, विचारावं लागायचं नाही."
मला विचारावं लागतं.
विल्फ, सकाळी काही खाल्लंस का?
तो जाळीकडे बघतो.

चोच काळ्याची नारिंगी झाली, गाल राखाडीच राहिले,
तेव्हा ते बटण ती बटण झाली.
चष्म्याच्या दांडीवर बसायची,
त्याच्या भुवईचे केस उपटायची,
माझ्या कात्रीला घाबरायची नाही.

फेब्रुवारीत त्याने तिला जाळीत सोडलं.
"पाखराला पाखरंच हवीत," म्हणाला,
आणि त्या दिवशी पाच वेळा पाणी बदललं.

सुरुवातीला यायची.
जीभ टाळूला लावून त्याने टक् केलं
की थेट अंगठ्यावर.
मग थवा उडाला की तीही उडू लागली,
पण जरा मागून,
परक्या चर्चमध्ये आलेली बाई
इतरांकडे बघत उभी राहते तशी.
ईस्टरपर्यंत तेही सरलं.
चाळिसांतून बोट दाखवून
ही बघ, असं म्हणता येईना.
"विसरली तुला," मी म्हणाले.
"विसरली कशाला? भ्यायला शिकली.
माझ्याकडे असताना तो एक धडा राहिला होता."

मग पुढच्या जानेवारीतला तो दिवस.
पारा शेहेचाळीसवर, उत्तरेचा वारा, पत्र्याचा कडकड आवाज.
दुपारी दोनला पाखरं फांद्यांवरून गळायला लागली.
विल्फ दुखऱ्या पायाने पाण्याचा पाइप घेऊन,
मी बर्फाची बादली घेऊन.
त्याने एक उचललं. पंख सैल, चोच उघडी.
पाय उलटून पाहिला,
आणि काहीच बोलला नाही.
खिशात आगकाडी होती. असणारच.
टोकावर थेंब. थेंब. थेंब.

तळहातावर बसलेलं पाखरू
माणसाळलेलं असतं की नुसतं दमलेलं,
हे मला तेव्हाही कळलं नाही.
डोळे उघडले तिने. उभी राहिली.
माझ्या हातून बादली पडली आणि
जी सावरली होती ती सगळी उडाली.
ती नाही.
मी नाड्या मोजणारी बाई,
मोजायचं ठरवावं लागत नाही मला:
सात ठोके.
मग गेली.

अकरा मेली त्या दिवशी. ती त्यात नव्हती.
पुढच्या मंगळवारी हात पाहून
अख्खी भिंत उडाली, कुणीही मागे नाही.

तरी दाणे ओतताना तो अजून टक् करतो.
मी म्हटलं, आता कुणासाठी?
"सवय आहे," म्हणाला, "माझी."
जाळीतून कुणीतरी मीप म्हणालं.
ती सगळीच दिवसभर मीप म्हणतात.

नोंद केली:
जखम दोन मिलिमीटरनी कमी.
रुग्णाने सकाळी काही खाल्लेलं नाही.