बोरिंग नंबर चार

पाण्याची वही ग्रामपंचायतीत, लोखंडी कपाटात,
कपाटाची किल्ली शिपायाच्या करदोट्याला.
दातांची वही शाळेत.
गुडघ्यांची माझ्याकडे, उपकेंद्रात,
तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग.
बारा वर्षं तिघी एका गावात नांदल्या,
एकमेकींचं तोंड न पाहता.

बाटली मात्र फिरून यायची.
तीनदा विसळलेली, बुचाला चिकटपट्टी,
एसटीत ड्रायव्हरच्या डब्याशेजारी बसून
तालुक्याला जायची.
सहा आठवड्यांनी कागद:
फ्लोराइड तीन पूर्णांक दोन. पिण्यास अयोग्य.
सही. शिक्का. कपाट.

एका श्रावणात कोणीतरी येऊन
बोरिंगला लाल रंग मारून गेलं.
लाल म्हणजे काय, ते सांगायला
त्याच्याकडे वेळ नव्हता, की हुकूम नव्हता.
"पोयाले रंगोली वाटते बोरिंग,"
सुगंधा कुळसंगे म्हणाली,
आणि गुंड भरून, गुडघ्यावर हात देऊन उठली.

मी गोळ्या देत होतो.
पांढऱ्या, दहाच्या पट्टीत. सकाळ-संध्याकाळ.
त्या लोक कशासोबत गिळत होते
हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आलं ते शेवंता टेकामच्या. आशा आहे ती, नववी शिकलेली.
"भाऊ, कुठी दुखते थे तुमी विचारता.
कुठचं पाणी पेता, थे काऊन नाई विचारत?"

मग एका दुपारी समाजमंदिराच्या फरशीवर
तिन्ही वह्या उघड्या पडल्या,
आणि चौथी, दोनशे पानी, कोरी.
शेवंतानं पट्टीनं रकाने आखले, थोडे तिरपे.
नाव. दुखणं. बोरिंग.
मी वाचत गेलो, ती लिहीत गेली:
चार. चार. दोन. चार.
चार.
चार.
हसताना तोंडावर हात धरणारी पोरं —
आम्ही त्याला लाज म्हणत होतो.
ते लक्षण होतं.

जिल्ह्याच्या बैठकीत पडद्यावर बाण होते,
गावापासून दिल्लीपर्यंत, निळे, सरळ.
मी वही पुढे केली.
"हा रकाना आपल्या नमुन्यात नाही," साहेब म्हणाले.
पाण्याचा नमुना त्यांनी कधीच नाकारला नव्हता.
नाकारला तो कागदाचा.

परत येऊन आम्ही पाना घेतला
आणि चारचा दांडा काढून आणला.
हुकूम? नव्हता.
आता नाल्यापलीकडच्या विहिरीवर जावं लागतं,
बाया मला शिव्या देतात, चढावर जरा जास्तच.
सुगंधाचे गुडघे काही सरळ झाले नाहीत.
होणारही नाहीत, ते मी तिला सांगितलं.
"मंग नातीचे पाहा," एवढंच बोलली.

परवा नवा नमुना आला, छापील.
उजव्या कडेला, समासाला चिकटून, एक रकाना वाढलाय:
पाण्याचा स्रोत.
इतका अरुंद, की नाव मावत नाही.
आकडा मावतो.
शेवंतानं पेनाचं टोपण दातात धरलं
आणि चार लिहिला.