नगरसेविकेचे यजमान

वॉर्ड महिला राखीव झाला
तेव्हा फॉर्म मीच भरला. सही तिची.
बॅनरवर ती हात जोडून,
मी मागे, तिच्याहून वीतभर मोठा.
लेटरहेड माझ्या खणात, शिक्का माझ्या खिशात.
इलठणपाड्यात मला म्हणायचे नगरसेवक
आणि वैजयंताला, वहिनी.

मग सुखदेव खिल्लारे चेंबरमध्ये उतरला
नाकाला रुमाल बांधून,
आणि दोरीने वर आला.
ठेकेदार म्हणाला, प्यायलेला होता.
ठेकेदार माझ्या उठण्या-बसण्यातला.
आमचा फ्रिज त्याच्याच टेम्पोतून आलेला,
दोन दिवाळ्यांपूर्वी.

मयताला गेली ती घरी परतलीच नाही.
बेलापूरला, पालिकेच्या घुमटासमोर,
झाडूवाल्या बायकांत बसली.

आज नववा दिवस.
मीठ निळ्या झाकणाच्या डब्यात असतं.
लाल झाकणात सोडा.
हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.
उत्पलाच्या टायची गाठ अजून येत नाही.
ती म्हणते, आई तोंडात पिन धरून बांधते.
मी पिन धरली तोंडात.
तरी नाही आली.

काल साहेबांचा फोन.
भाऊ, मॅडमना समजवा जरा,
बाईला पाच लाख देऊन मिटवू,
पत्रावर शिक्का तेवढा मारून जा.
येतो म्हणालो. सवयीनं.

जाताना तिचा डबा घेतला.
बायका आमच्याच जुन्या बॅनरवर बसल्या होत्या.
माझ्या कपाळावर
कुणाचं तरी तान्हं झोपलेलं, तोंड उघडं टाकून.
शेजारी खिल्लारेची बायको, गुडघ्यात मान.
वैजयंतानं भाजी चाखली.
मीठ बरोबर आहे, म्हणाली.
मग हात पुढे केला.
मी पाण्याची बाटली दिली.
ती बाजूला ठेवून
हात तसाच.

खिशात शिक्का गरम झाला होता, अंगाच्या उबेनं.
दिला.

आणि फ्रिज रिकामा करून ठेव, म्हणाली,
टेम्पो कुणाचाही बघ. त्याचा नको.
मी म्हटलं, माझं इन्सुलिन?
माठाला ओलं फडकं गुंडाळ, त्यात ठेव.
आई तसंच ठेवायची तिची.

रात्री काढलं सगळं बाहेर.
अर्धं लिंबू, सायीचं भांडं,
कुठल्याशा सत्काराचा सुकलेला हार,
तो तिथं कुणी ठेवला देव जाणे.
बटण बंद केलं.
दोन वर्षं घरात काहीतरी घरघरत होतं
ते थांबलं.

उत्पला डोळे चोळत उठून आली.
म्हणाली,
आई आली?