खळं

ताटलीत सोनेरी ठिपके,
भज्यांच्या पिठाचे शिंतोडे उडावेत तसे.
नमुना : पार्बता उईके, आर्वी. पू, उजवी तर्जनी.

वेचताना बोंडाचं टोक गेलं.
कंपाउंडरनं दोन सुया टोचल्या,
तिसऱ्या दिवशी ठणका थांबला
अन् उरलेल्या गोळ्या तिनं उगाळून
शेळीच्या खुराला लावल्या.

काल मी सहा औषधांच्या सहा टिकल्या मांडल्या.
चंद्राला पडतं तसं खळं
पडायला हवं होतं प्रत्येकीभोवती.

पाचांना नाही.
जंतू अगदी काठाला टेकून बसलेत,
पारावर बसल्यासारखे.
सहावीला आहे, पुसट, नखाएवढं.
ते औषध आमच्या कपाटात नसतं.
नागपूरला असतं.

दारातून पार्बता विचारते,
"कोनती गोई लागन, भाऊ?"

मी पट्टीनं खळं मोजतो.
परत मोजतो.